ताजी भाजी की गोठवलेली? आधी तास मोजू या



गेल्या जानेवारीत आपल्या प्रभागातल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. एका गटाने डीप फ्रीजरसाठी ३०,००० रुपयांची कर्जमागणी ठेवली होती. थंडीत मटार स्वस्त असतो तेव्हा शेंगा घ्यायच्या, दाणे गोठवून ठेवायचे, उन्हाळ्यात घरी खायचे आणि लग्नसराईत आचाऱ्यांना विकायचे, असा त्यांचा हिशोब. कागद नीट लिहिलेला, हप्ते मांडलेले. मला तर एकदम पटलं, मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक काकू म्हणाल्या, "आन् लाईट गेल्यावर काय गं पोरी? मटार काय माठात ठिवायचे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे मला मे महिन्यात कळलं. ते पुढे सांगते.

त्या दिवशी ठराव पुढे ढकलला. आधी थोडा मटार कुणाच्या तरी घरच्या फ्रीजमध्ये गोठवून बघू, मग ठरवू, असं ठरलं. पण बैठक मोडल्यावर ओट्यावर खरी चर्चा रंगली. एक सासूबाई म्हणत होत्या, "पाकिटातली भाजी म्हणजे शिळीच की. औषध मारल्याशिवाय टिकती का सहा सहा महिने?" त्यांच्या सूनबाई शहरातून आलेल्या. त्या म्हणाल्या, "उलट तीच चांगली असते, माझ्या माहेरी वर्षभर खातात." आणि एक ताई बाजूला गप्प बसल्या होत्या. शिबिरात त्यांचं हिमोग्लोबिन ८ निघालं होतं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या आणि रोज हिरवी भाजी खा म्हणून सांगितलं. त्या ताई मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, आमचा बाजार मंगळवारी. भाजी गुरुवारपर्यंत टिकती. शुक्रवार ते सोमवार मी काय खाऊ?"

हा पाठ मुख्यतः त्या ताईंच्या प्रश्नासाठी लिहिते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी त्या ताईंसारख्याच असणार.

ताजी म्हणजे किती तासांची?

पुढच्या भेटीला मी अंगणवाडीच्या फळ्यावर एक गणित घातलं. मंगळवारच्या बाजारात घेतलेल्या मटारच्या शेंगांची उसळ शुक्रवारी सकाळी ८ ला केली, तर मटार किती जुना? बहुतेकींनी उत्तर दिलं, तीन दिवस. मग आम्ही मागे मागे गेलो. बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या एक मावशी आपल्याच गटात आहेत. त्यांनी सांगितलं की त्या माल सोमवारी पहाटे तालुक्याच्या मार्केट यार्डातून उचलतात. यार्डात तो रविवारी रात्री टेम्पोने आलेला असतो. म्हणजे शेतातून शेंगा तोडल्या रविवारी संध्याकाळी, पाच वाजता धरा. रविवारी संध्याकाळी ५ ते शुक्रवारी सकाळी ८. मोजा. १११ तास झाले.

आणि हा हिशोब जवळच्या मालाचा. पुरंदरकडचा वाटाणा पावसाळ्यात निघतो. ऐन थंडीत बाजारात दिसणारा बराचसा मटार जबलपूरसारख्या ठिकाणाहून शेकडो किलोमीटर ट्रकने येतो. त्याचे तास वेगळे मिळवायचे. एका ताईंनी तर आणखी मजा सांगितली. त्यांच्या शेजारच्या मळ्यातली मेथी टेम्पोने तालुक्याला जाते आणि तिथून बाजारात येऊन परत त्यांच्याच घरी येते!

तास का मोजायचे? कारण तोडलेली भाजी लगेच मरत नाही. ती श्वास घेत राहते. शेंगांच्या भरलेल्या पोत्यात हात घालून बघा, आत गरम लागतं. ती ऊब त्या श्वासाचीच. श्वास घेताना भाजी स्वतःतलंच साठवलेलं खात असते. मटारातली साखर कमी होते, तिचा स्टार्च बनतो, म्हणून मळ्यात तोडून खाल्लेला दाणा गोड लागतो आणि चार दिवसांचा पिठूळ. सगळ्यात आधी जातं ते क जीवनसत्त्व. उन्हात, उघड्यावर, पालेभाजीतलं तर एक-दोन दिवसांतच बरंच जातं. लोह जात नाही, चोथा जात नाही. पण भाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. ज्या ताईंचं रक्त कमी आहे त्यांच्यासाठी म्हणूनच हे महत्त्वाचं.

आता पाकिटातला मटार. कारखान्यात शेंगा आल्या की दाणे काढतात, काही वेळ गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, लगेच थंड करतात आणि अतिथंड हवेच्या झोतात एकेक दाणा सुटा गोठवतात. मग शून्याच्या खाली १८ अंशांवर साठवतात. चांगल्या ठिकाणी तोडणीपासून गोठवणीपर्यंत हे सगळं काही तासांत उरकतात. दाण्याचं घड्याळ तिथेच जवळजवळ थांबतं. गरम पाण्यात थोडं क जीवनसत्त्व जातं हे खरं, पण उरलेलं बरंचसं टिकतं.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर यातच आहे. साध्या गोठवलेल्या मटाराला टिकायला औषध लागत नाही, थंडीच त्याला टिकवते. खात्री करायची तर पाकिटावर 'घटक' लिहिलेले असतात ते वाचा. तिथे फक्त मटार असला पाहिजे. सूनबाईंचंही पूर्ण बरोबर नाही. परसबागेतून तोडून तासाभरात कढईत पडलेल्या भाजीची बरोबरी कुठलंच पाकीट करत नाही. पण १११ तासांच्या शेंगा आणि नीट गोठवलेला मटार यांत मला निवडायचं झालं तर मी पाकीट उचलेन. एवढं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मंजी दोघी बी अर्ध्या अर्ध्या." बरोबर.

एक गोष्ट मात्र पाकिटाशी गल्लत करू नका. गाड्यावर सुटे, सोललेले, हिरवेगार मटार मिळतात ते. कधी कधी ते वाळलेले वाटाणे भिजवून रंग दिलेले असतात. काचेच्या ग्लासात थोडे दाणे घ्या, पाणी ओता, हलवा, अर्धा तास ठेवा. पाण्यात हिरवा रंग सुटला तर ते घेऊ नका. ही तपासणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयनेच घरगुती वापरासाठी सांगितली आहे. शाळेतल्या पोरांकडून करून घ्या, त्यांना फार आवडतं.

कुठली भाजी गोठवलेली चालते?

सगळ्या नाही. भाजीत पाणी असतं. गोठताना त्याचे बर्फाचे बारीक काटे होतात आणि ते भाजीच्या पेशी फाडतात. बर्फ वितळला की भाजी लिबलिबीत होते. काकडी, टोमॅटो, मुळा, कोशिंबिरीची कुठलीही भाजी म्हणून गोठवून उपयोग नाही. मटार, मक्याचे दाणे, गाजराचे तुकडे, श्रावणघेवडा चांगला राहतो. फ्लॉवर मध्यम. भेंडी गोठवलेली मिळते, पण मला ती आवडत नाही, बुळबुळीत लागते. पालेभाजी गोठवली तर पातळ भाजीला किंवा पराठ्याला चालते, परतून करायची असेल तर नाही.

बर्फ जितका हळू होतो तितके काटे मोठे. अमेरिकेतल्या क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या माणसाने साधारण शंभर वर्षांपूर्वी कॅनडाजवळच्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत मासे क्षणात गोठताना पाहिले. असे मासे नंतर शिजवले तरी ताज्यासारखे लागतात हे त्याच्या लक्षात आलं. पटकन गोठवण्याची पद्धत त्याने बसवली आणि १९३० मध्ये तिकडच्या दुकानांत अशी पाकिटं विकायला आली. आपल्या घरच्या फ्रीजमध्ये गोष्टी हळू गोठतात, म्हणून घरचा मटार पाकिटातल्यापेक्षा थोडा मऊ होतो. त्यात तुमची काही चूक नसते.

मे महिन्यात काय झालं

ठरल्याप्रमाणे जानेवारीत प्रयोग केला. ४० रुपये किलोने ९ किलो शेंगा आणल्या, पाच जणींनी अर्धा दिवस बसून सोलल्या, ४ किलो दाणे निघाले. म्हणजे किलोभर दाणे ९० रुपयांना पडले, सोलण्याची मजुरी धरलेली नाही. हे लक्षात ठेवा. शेंगांचा भाव आणि पाकिटाचा भाव समोरासमोर ठेवून कधी तुलना करायची नाही, कारण किलोभर शेंगांत दाणे निम्म्याहून कमीच निघतात. दाण्याची किंमत काढायची आणि मग बोलायचं.

दाणे एका ताईंच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. एप्रिलपर्यंत सगळं छान. मे महिन्यात त्या ताई भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्या. मागे वळवाचं वादळ झालं, खांब पडला, दोन रात्री लाईट नव्हती. मग आली. त्या परतल्या तेव्हा मटार गोठलेलाच होता, फक्त सगळ्या दाण्यांचा एक दगड झाला होता. त्यांनी तो फोडून उसळ टाकली, शेजारीही वाटीभर दिली. झाकण काढल्यावर आंबूस वास आला म्हणून कुणी खाल्लं नाही, नशीब.

चूक त्या ताईंची नव्हती, माझी होती. मी त्यांना शिकवताना म्हटलं होतं, "एकदा गोठवलं की जंतूंचं काम संपलं." ते चुकीचं आहे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. बर्फ वितळला की उठतात आणि उबेत झपाट्याने वाढतात. पुन्हा गोठवलं तर वाढलेल्या संख्येसकट झोपतात. म्हणून गोठलेलं दिसतंय म्हणजे चांगलं आहे असं नाही. ते मधे वितळलं होतं का, हे कळलं पाहिजे.

त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी घालून बर्फ करा, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी कायम फ्रीजरमध्ये राहू द्या. बाहेरगावाहून आलात आणि नाणं वरच असेल तर ठीक. नाणं बर्फाच्या तळाशी गेलं असेल तर तुमच्या मागे सगळं वितळून परत गोठलं आहे. फेकून द्या. हळहळ वाटते, मला माहीत आहे, ४ किलो मटार फेकताना त्या ताईंचे डोळे भरले होते. पण पोरांच्या हगवणीचा खर्च मोजला तर मटार स्वस्त.

तुम्ही घरीच असाल आणि लाईट गेली, तर फ्रीजरचं दार उघडू नका, बस्स. वेगळा, पूर्ण भरलेला डीप फ्रीजर दार बंद ठेवलं तर साधारण ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. आपल्या एका दाराच्या फ्रीजमधला छोटा कप्पा एवढा दम धरत नाही. लाईट आल्यावर दाण्यांत बर्फ लागत असेल तर शिजवायला किंवा परत गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरेल एवढंच. मऊ पडून दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेरच्या हवेसारखा गरम राहिला असेल तर नको. वास घेऊन ठरवू नका. वास येण्याआधीच माल बिघडलेला असू शकतो.

दुकानातून पाकीट घेतानाही हीच नजर ठेवा. पाकीट हातात धरून हलवा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. ढेकूळ लागलं, आतून बर्फाचा जाड थर दिसला, तर ते कुठेतरी वितळलेलं आहे. रात्री दुकान बंद करताना वीज वाचवायला फ्रीजरचं बटणही बंद करणारे दुकानदार असतात, म्हणून सकाळी सकाळी जाऊन हात लावून बघितलेलं बरं. पाकीट सगळ्यात शेवटी घ्या, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळा. आणि एसटीने उन्हातून तासभर आणलंत, घरी येईपर्यंत मऊ झालं, तर त्याच दिवशी शिजवून संपवा.

घरी करायचंच असेल तर

ज्यांच्याकडे फ्रीज आहेच त्यांनी दोन-तीन किलो मटार करायला काही हरकत नाही. पण दाणे नुसते पिशवीत भरून ठेवू नका. त्यांना आधी गरम पाणी दाखवावं लागतं, नाहीतर दाण्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि दोन महिन्यांत रंग, चव जाते. मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाण्याला खळखळून उकळी आणा, त्यात अर्धा किलोच दाणे टाका. एकदम जास्त टाकले की उकळी मोडते. परत उकळी फुटली की दीड ते दोन मिनिटं, जास्त नाही. श्रावणघेवड्याच्या तुकड्यांना आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांना ३ मिनिटं. लगेच उपसून बर्फ घातलेल्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवा. बर्फ आदल्या दिवशी करून ठेवा, ऐन वेळी शेजारी मागायला जाऊ नका, मी गेले आहे. रंग हिरवागार राहावा म्हणून मोबाईलवरच्या व्हिडिओत पाण्यात खायचा सोडा टाकायला सांगतात. टाकू नका, सोड्याने जीवनसत्त्वं जातात आणि दाणा गिळगिळीत होतो.

मग सुती कापडावर पसरून चांगले कोरडे करा. ताटात एक थर पसरून ताट फ्रीजरमध्ये ठेवा आणि दाणे कडक झाल्यावर पिशव्यांत भरा. एका पिशवीत एका वेळेला लागेल एवढेच. हवा दाबून काढा, तारीख लिहा. बर्फाच्या छोट्या कप्प्यात उणे १८ अंश बहुतेक होत नाहीत. त्या कप्प्यात आईस्क्रीम दगडासारखं घट्ट राहत नसेल, तर मटारही महिना-दीड महिन्यात संपवा, वर्षाच्या गोष्टी करू नका.

शिजवताना आधी बाहेर काढून ठेवायची गरज नाही. गोठलेले दाणे थेट फोडणीत टाका. ते अर्धवट शिजलेलेच असतात, कुकरला शिट्ट्या कशाला? पण पूर्ण शिजवा. मक्याचे दाणे पाकिटातून काढून तसेच भेळेत घालतात, ते करू नका. युरोपात २०१८ मध्ये गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ पसरल्याचं उघड झालं आणि माणसं दगावली. हा जंतू थंडीला घाबरत नाही, पण शिजवल्यावर मरतो. गरोदर बाईला त्याचा धोका खूप जास्त, म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या ताटात पाकिटातली भाजी वाफाळती गरमच वाढा.

आणि ज्यांच्याकडे फ्रीजच नाही?

आपल्या प्रभागात अशी घरं पुष्कळ आहेत, त्या गप्प बसलेल्या ताईंचंही त्यांतलंच. त्यांच्यासोबत बसून आम्ही आठवड्याचा क्रम लावला. मंगळवार-बुधवारी पालेभाजी. गुरुवारी भेंडी-गवार. शुक्रवारी दोडका, वांगी. शनिवार-रविवारी दुधी, कोबी. सोमवारी लाल भोपळा. अख्खा भोपळा न कापता महिना महिना राहतो, तो घरात एक असावाच. पालेभाजी जुडी सोडून, पिवळी पानं काढून, ओलसर फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायची. भाजी आधी धुवायची आणि मग चिरायची. चिरून पाण्यात भिजत घातली तर जे राखायला आपण धडपडतोय तेच पाण्याबरोबर मोरीत जातं.

त्यांच्या दारात शेवग्याचं झाड होतं. शेंगा विकत होत्या, पाला शेळीला घालत होत्या. झाडावरचा पाला म्हणजे शून्य तासांची भाजी, आणि शुक्रवार ते सोमवार तो कुठे जात नाही. आता आठवड्यातून दोनदा डाळीत टाकतात. शेळी रुसली म्हणतात.

वाळवणाचंही विचारतात. वाळवलेली गवार, हरभऱ्याचा वाळवलेला पाला आपल्या आज्यांनी फ्रीज नसताना शोधलेली गोष्ट आहे, आणि लोह, चोथा त्यात राहतोच. पण क जीवनसत्त्व वाळवणात जवळजवळ उरत नाही आणि कडक उन्हात अ जीवनसत्त्वाचंही नुकसान होतं. म्हणून पाला सावलीत, पातळ कापडाखाली वाळवा, आणि वाळवणाची भाजी केली की ताटात लिंबू पिळाच. लिंबू महाग असेल त्या दिवसांत कैरी, चिंचेऐवजी आवळा, जे असेल ते. जेवणावर लगेच चहाही नको, चहा लोह अडवतो. तासभर थांबा. हे सांगितलं की बैठकीत सगळ्यात जास्त कुरबुर होते, भाजीपेक्षा चहावरच वाद जास्त.

एका गावात गटाने पाडलेल्या घराच्या जुन्या विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधला आहे, तो जाऊन बघण्यासारखा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ही पद्धत काढली. सावलीत विटांचा हौद, पण भिंती दोन, मधे तीन इंचांची फट आणि फटीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायचं, वर ओलं गोणपाटाचं झाकण. माठाचंच तत्त्व आहे. कोरड्या उन्हाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी थंड राहतं. पावसाळ्यात किंवा दमट हवेत एवढा फरक पडत नाही. तिथे मेच्या उन्हात दुसऱ्या दिवशी मान टाकणारी मेथी तिसऱ्या दिवशी उभी होती. पाणी भरायला लांब जावं लागत असेल अशा वस्तीवर मात्र मी हे सुचवणार नाही. बाईच्या डोक्यावर आणखी दोन हंडे वाढवून भाजी टिकवण्यात अर्थ नाही.

फ्रीजरच्या ठरावाचं काय झालं

तो अजून रद्द झालेला नाही. मेच्या फजितीनंतर मला वाटलं होतं गट माघार घेईल. पण त्यांनी दुसरंच केलं. मटार फेकावा लागलेल्या ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाईट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायला सुरुवात केली. जूनच्या पानावर १७ नोंदी आहेत. बहुतेक तास-दोन तासांच्या, एक ३८ तासांची.

या आकड्यांवरून गटात जे बोलणं झालं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात ऐकायला मिळालं नव्हतं. एकीने मांडलं की भरलेला फ्रीजर ४८ तास धरतो, म्हणजे ३८ तासांत माल वाचला असता. दुसरीने लगेच अडवलं, "आपण विकत जाणार म्हणजे तो रिकामा होत जाणार. अर्धा झाला की २४ तास. आन् वादळं तर मेमधीच येत्यात, तवा माल निम्माच आसंल." मग रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरायची, असं तिसरीने सुचवलं. हे बरोबर आहे, बर्फाच्या बाटल्या थंडी धरून ठेवतात. मग हिशोब: १५० किलो दाणे ठेवले तर आपल्याच प्रयोगाच्या भावाने साडेतेरा हजारांचा माल आत. हप्ता वेगळा, वीजबिल वेगळं. फ्रीजर घेताना ताऱ्यांचं स्टिकर असेल तर त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, त्याला १२ ने भागून महिन्याचा खर्च काढायचा, हेही त्यांनी कागदावर घेतलं. लग्नाच्या आचाऱ्यांना पाकिटातला मटार कितीला पडतो, ते विचारायचं काम दोघींकडे दिलं आहे.

माझं मत विचाराल तर, नुसतं घरी खायला कुणी कर्ज काढून फ्रीजर घेऊ नये. धंद्यासाठी घ्यायचा तर आधी गिऱ्हाईक तोंडी नाही, कागदावर असावं. पण या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि नाहीही म्हटलं नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत, थंडीचा मटार बाजारात यायच्या आधी, ठराव पुन्हा येईल. तोवरची कॅलेंडरची पानं भिंतीवर आहेत. भिंतीला टेकून बसणाऱ्या काकूंनी सांगितलंय की ती सगळी पानं त्या स्वतः मोजणार, मगच अंगठा देणार.